विज्ञान शिक्षकांची प्रशिक्षणं आखणाऱ्यांना खुलं पत्र: स्लाइड राहू द्या, टेबलावर सामान ठेवा

प्रति,
शिक्षकांची प्रशिक्षणं आखणारे, घटकसंच (प्रशिक्षणाची पुस्तिका) लिहिणारे, निधी मंजूर करणारे आणि उपस्थितीचे आदेश काढणारे सर्व साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी, सातवी, आठवीला विज्ञान शिकवते, गणितही माझ्याकडेच आहे. हे पत्र तक्रार म्हणून वाचलंत तरी चालेल पण माझ्या मनात ती मागणी आहे आणि मागणी एकच आहे, की आम्हा विज्ञानवाल्यांचं प्रशिक्षण घ्याल तेव्हा आमच्याच पुस्तकातले प्रयोग आमच्या हाताने करायला द्या आणि त्यात जे बिनसेल त्यावर बोलायला वेळ द्या. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच्यावरच आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

आत्ता कसं चालतं ते तुम्हालाही माहितीये पण एकदा लिहूनच टाकते. आदल्या रात्री ग्रुपवर आदेशाचा फोटो पडतो, उद्या सकाळी दहाला अमुक हॉलमध्ये हजर राहावे, गैरहजर राहिल्यास सर्वस्वी आपण जबाबदार राहाल, वगैरे. आम्ही पोचतो. हॉलमध्ये मराठीवाले, इतिहासवाले, पहिली-दुसरीवाले सगळे एकत्र, शंभराच्या वर माणसं. आधी नोंदणी, मग लिंक, लिंक उघडत नाही म्हणून क्यूआर कोड, मग दीपप्रज्वलन, मग मनोगतं, मग वातावरणनिर्मितीसाठी पावसाची टाळी, एक बोट दोन बोटं तीन बोटं (ही टाळी ज्याने शोधली त्याला एकदा भेटायचंय मला), आणि साडेअकराच्या सुमाराला पीपीटी सुरू होते. अध्ययन निष्पत्ती, एकविसाव्या शतकाची कौशल्यं, अनुभवात्मक शिक्षण. त्या अनुभवात्मक शिक्षणाच्या स्लाइडवर मुलं प्रयोग करतायत असा छान रंगीत फोटो असतो आणि तो फोटो आम्ही सगळे खुर्चीत बसून बघतो. दुपारी मसालेभात-जिलेबी, जेवणाबद्दल माझी काही तक्रार नाही. मग गटकार्य, म्हणजे चार्ट पेपरवर स्केचपेनने मुद्दे लिहायचे, मग बॅनरसमोर फोटो, मग फीडबॅकचा फॉर्म. त्यात सगळे जण 'अत्यंत उपयुक्त'वर टिक करतात कारण शेवटची एसटी साडेपाचला असते.

समोर बोलणाऱ्या सुलभकाला मी नावं ठेवत नाहीये हां. तो बिचारा आमच्यातलाच असतो, त्याची शाळा सोडून आलेला, त्याला वरून जे मिळालं तेच तो खाली देतो. वर समजा पाच दिवस झाले तर जिल्ह्याला तीन होतात आणि तालुक्याला एक, म्हणजे कानगोष्टींचा खेळच की हो, शेवटच्या माणसाच्या कानात काय पडणार ते पहिल्याला ठाऊक नसतं. आणि या गळतीत पहिलं काय गळत असेल तर सामान. वरच्या पातळीवर कुणीतरी खरोखर चुंबक, तार, सेल घेऊन काहीतरी करून दाखवलेलं असतं, आमच्यापर्यंत त्याची फक्त स्लाइड येते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. चांगली गोष्ट आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण ५० तास मोजणं सोपं असतं आणि त्या तासांत काय झालं ते मोजणं अवघड, म्हणून मग तासच मोजले जातात. ऑनलाइन कोर्सचं तर काय सांगावं, व्हिडिओ एकीकडे चालू आणि दुसरीकडे भाजी फोडणीला, शेवटच्या प्रश्नमंजुषेची उत्तरं ग्रुपवर आलेली, प्रमाणपत्र डाउनलोड, झालं. हे मी कुणाची चुगली म्हणून लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये आणि तुम्हालाही माहितीये की एवढ्या लोकांनी एकाच रात्री शंभर टक्के कसे पूर्ण केले.

आता मला जे प्रशिक्षण वाटतं ते कसं असतं ते सांगते. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठकीत) शेजारच्या शाळेतले एक सर पिशवीतून सामान घेऊन आले होते. स्टीलची ताटली, काचेचा ग्लास, वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्यांचं पाकीट आणि कुंकू. ताटलीत पाणी घेतलं, पाणी नीट दिसावं म्हणून त्यात कुंकू टाकलं, मधोमध मेणबत्ती उभी केली, पेटवली आणि वर ग्लास उपडा ठेवला. मेणबत्ती विझली आणि पाणी ग्लासात वर चढलं. हा प्रयोग कुणाला माहीत नाही? सगळे म्हणाले हो माहितीये, हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी साधारण एक पंचमांश चढतं. फळ्यावर लिहिण्याइतकं पाठ आहे आमचं ते.

सर म्हणाले परत बघा, पण या वेळी ग्लासाकडे न बघता घड्याळाकडे बघितल्यासारखं बघा, पाणी चढतं कधी? परत केलं. आणि मग दिसलं की मेणबत्ती जळत असताना पाणी जवळपास जागेवरच असतं, ते चढतं ज्योत विझताना आणि विझल्यावर, आणि एकदम चढतं. आता ऑक्सिजन जर जळताना खर्च होतोय तर पाण्याने जळतानाच हळूहळू चढायला पाहिजे ना? हॉलमध्ये जरा कुजबुज झाली. मग त्यांनी एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, ग्लास तोच, म्हणजे आतली हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच. पाणी पहिल्यापेक्षा बरंच जास्त चढलं. आता काय करायचं त्या एक पंचमांशाचं? एक मॅडम म्हणाल्या ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे आले, मी बघितलं. आणि तिथून मग गाडी सुरू झाली. गरम हवा प्रसरण पावते, थोडी बाहेर निसटते, काही तर ग्लास ठेवायच्या आधीच ज्योतीवरची हवा तापून पातळ झालेली असते, ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकसते, दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ऑक्सिजन संपून जात नाहीच, ज्योत विझते तेव्हाही आत १५-१६ टक्के उरलेला असतो, आणि जो खर्च झाला त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो तो कुठे गेला? तो पाण्यात विरघळला, असं एकजण म्हणाले. मग दुसरे म्हणाले इतक्या पटकन कसा विरघळेल हो. मजा आली. रसायनशास्त्रवाले आणि भौतिकवाले भांडत होते आणि मी कितीतरी दिवसांनी शिक्षकांना प्रश्नावरून भांडताना बघत होते, एरवी आमची भांडणं बदलीच्या संवर्गावरून होतात.

विषयाला वेळ होता वीस मिनिटं. पुढचा विषय आधार पडताळणी आणि पोषण आहाराची माहिती होता म्हणून आवरा आवरा झालं, ताटली परत पिशवीत गेली. पण दुसऱ्या आठवड्यात आमच्यातल्या बऱ्याच शाळांमध्ये तो प्रयोग झाला, आणि सातवीतल्या एका पोरीने मला विचारलं की बाई, ग्लास आधीच गरम करून ठेवला आणि मेणबत्ती लावलीच नाही तर पाणी चढेल का? करून बघ म्हटलं. चढलं. ऑक्सिजन जळण्याचा प्रश्नच नव्हता तिथे. सातवीतली पोरगी ऑक्सिजन जळणं आणि हवा तापणं ही दोन कारणं आम्ही एकत्र केली होती ती वेगळी करून दाखवते आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान शाळेच्या स्वयंपाकखोलीत असतं.

हे वीस मिनिटांत झालं साहेब. त्याला ना निधी लागला ना आदेश. मग आमचे पन्नास तास कुठे जातात?

हे काही मी नवीन सांगतेय असंही नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत, तिकडे माध्यमिक म्हणजे आपली सहावी ते आठवीच, हा प्रकार सुरू झाला होता. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सुरू केला, सरकारने शाळा दिल्या, मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ इथली शास्त्रज्ञ मंडळी शिक्षकांबरोबर बसायला यायची. १९७८ ला पूर्ण जिल्हा त्यात आला, पुढे १९८२ ला एकलव्य संस्था झाली आणि तिने हे काम इतर जिल्ह्यांत नेलं. त्यात काय होतं? उन्हाळ्यात लांब मुदतीचं प्रशिक्षण, शिक्षक मुलांसारखे टोळ्या करून बसायचे आणि पुस्तकातला प्रत्येक प्रयोग स्वतः करायचे. मग शाळा सुरू झाल्यावर दर महिन्याला बैठक, गेल्या महिन्यात वर्गात काय फसलं, मुलांनी काय विचारलं, त्यावर चर्चा. मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला सवालीराम नावाचं एक पात्र होतं, मुलं त्याला पत्रं लिहायची. आणि परीक्षा पुस्तक उघडून द्यायची, शिवाय प्रात्यक्षिक वेगळं. सरकारी शाळांत चाललं हे सगळं, तीस वर्षं, २००२ ला सरकारने बंद केलं.

का बंद केलं त्यात मी जात नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. माझा मुद्दा साधा आहे. खेड्यातले सरकारी शिक्षक हे करू शकतात की नाही हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघालाय, त्यामुळे 'आपल्याकडे हे प्रॅक्टिकल नाही' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं, सगळं प्रॅक्टिकलच तर होतं ते.

आणि आपल्या महाराष्ट्राचाही धागा आहे त्यात. अरविंद गुप्ता, आयआयटी कानपूरचे इंजिनीअर, पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरीला होते, तिथून रजा काढून होशंगाबादला गेले आणि काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमितीचे आकार, मनोरे, घरं बनवायला सुरुवात केली. नंतर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कितीतरी वर्षं कचऱ्यातून खेळणी बनवून दाखवली, ती सगळी इंटरनेटवर फुकट आहेत. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासून, त्यांनी सुरुवातीच्याच काळात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला गावातल्या शाळांबरोबर काम केलं होतं. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे. म्हणजे माणसं आहेत, अनुभव आहे, मराठीत आहे. पण ते पुण्या-मुंबईत आणि आम्ही तालुक्याच्या शेवटच्या टोकाला. आमच्यातला एखादा हौशी शिक्षक स्वतःच्या खर्चाने रविवारी जाऊन येतो तेवढंच. त्या लोकांना आमच्या बीआरसीत, म्हणजे तालुक्याच्या गट साधन केंद्रात, आणा की, एकदा नाही, वर्षभरात ठरलेल्या वेळी.

आता सामानाबद्दल, कारण खरी अडचण तिथेच आहे आणि पीपीटी लिहिणाऱ्याला ती दिसत नाही.

विजेच्या पाठात लिहिलेलं असतं की एक सेल, एक बल्ब आणि तार घ्या. तुम्ही अलीकडे तालुक्याच्या बाजारात दीड व्होल्टचा विजेरीचा बल्ब मागून बघितलाय का? इलेक्ट्रिकलवाला तोंडाकडे बघतो. टॉर्च सगळे एलईडीचे झालेत, तो बारका काचेचा बल्ब कुठल्यातरी जुन्या दुकानात धूळ खात असला तर असला. मग शिक्षक म्हणतो चला एलईडी घेऊ, दोन-तीन रुपयांना मिळतो. एका सेलवर जोडतो. पेटत नाही. उलटा जोडतो, पेटत नाही. मुलं बघतायत. तो म्हणतो एलईडी खराब आहे, आणि फळ्यावर आकृती काढून पाठ संपवतो. खरं म्हणजे एलईडी खराब नसतो. लाल एलईडीलाही पावणेदोन-दोन व्होल्टच्या आसपास लागतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास, दीड व्होल्टच्या एका सेलवर तो कसा पेटणार? दोन सेल एकापुढे एक लावायचे आणि एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे, की पेटतो लाल. पांढऱ्याला दोन सेल नवेकोरे असले तर कसाबसा, नाहीतर तीन घ्या, पण तीन सेलवर मध्ये एक रोध (रेझिस्टर) लावा नाहीतर एलईडी जायचा. आणि इथेच केवढा मोठा धडा आहे, की बल्बला दिशा चालते कुठलीही आणि एलईडीला नाही, का? आठवीची मुलं या एका प्रश्नावर दोन तासिका घालवतात, मी बघितलंय. पण हे दहा वाक्यांत सांगणारं कुणी शिक्षकाला भेटलं पाहिजे, त्याने तो एलईडी हातात धरून न पेटताना बघितला पाहिजे आणि मग पेटताना. तुमच्या घटकसंचात याबद्दल एक ओळ नाही, 'विद्यार्थ्यांना कृती करण्यास प्रवृत्त करावे' हे मात्र प्रत्येक पानावर आहे.

तसंच लिटमसचं. पावसाळ्यात कपाटातला लिटमस कागद दमट होऊन वाया जातो, निळा कुठला आणि तांबडा कुठला कळत नाही. त्याऐवजी हळदीचे कागद, जास्वंदीचा रस, जांभूळ असेल त्या दिवसांत जांभूळ. हळद आम्लारीत लाल होते पण आम्लात तिला काही होत नाही, जास्वंद दोन्हीकडे बदलते, मग कुठल्या कामाला कुठलं दर्शक घ्यायचं? हे एका दुपारी लिंबू, खायचा सोडा, चुन्याची निवळी, साबणाचं पाणी, ताक आणि ड्रॉपर घेऊन शिक्षकांना करू दिलं तर आम्ल-आम्लारीचा पाठ संपतो. (चुन्यावरून आठवलं. निवळीसाठी चुना लागतो, तो मिळतो पानटपरीवर, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी, आणि असलीच पाहिजे, मुलांना तर तिकडे पाठवायचा प्रश्नच नाही. म्हणून आमच्या गावात टपरीवर पदर खोचून चुन्याची पुडी मागणाऱ्या बाई म्हणजे विज्ञानाच्या बाई हे लोकांना आता माहीत झालंय.)

सूक्ष्मदर्शकाची गोष्ट तर फारच वेगळी. बऱ्याच शाळांत सूक्ष्मदर्शक असतो, पण कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. का? कारण तो डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढलेला आहे. भिंग फुटलं, स्क्रू हरवला, तर निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव करा, समितीची सही घ्या, लेखापरीक्षणात विचारलं तर खुलासा द्या, आणि मनात सतत भीती की वसुली माझ्या पगारातून होईल. मग कोण काढणार तो बाहेर? कांद्याची पापुद्र्याएवढी साल काढायची, त्यावर आयोडीनचा थेंब, वर कव्हरस्लिप बुडबुडा न येता ठेवायची, आरशाने उजेड पकडायचा, हे सगळं हाताचं काम आहे, चार-पाच वेळा केल्याशिवाय बसत नाही. पेशीचा पाठ शिकवणाऱ्या किती शिक्षकांनी नोकरीला लागल्यापासून स्वतःच्या डोळ्यांनी पेशी बघितलीये, हा प्रश्न एकदा तुमच्या फीडबॅक फॉर्ममध्ये टाका. नाव न लिहिता उत्तर द्यायला सांगा म्हणजे खरं कळेल.

यावर सोपा उपाय आहे आणि तो प्रशिक्षणाचाच भाग आहे असं मला वाटतं. एक पत्र काढा, की विज्ञान साहित्य वापरताना होणारी मोडतोड ही नेहमीची बाब आहे, ठरावीक रकमेपर्यंत शाळा पातळीवर निर्लेखन होईल, शिक्षकाकडून वसुली होणार नाही. एवढ्या एका पत्राने जेवढे प्रयोग वाढतील तेवढे दहा प्रशिक्षणांनी वाढणार नाहीत. आणि ज्या शाळांत सूक्ष्मदर्शकच नाही तिथे कागदाचा फोल्डस्कोप द्या, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला, घडी घालून तयार होतो, खिशात मावतो, त्याला डेडस्टॉकला चढवायची गरज नाही.

आता शिक्षकांबद्दलही बोलते नाहीतर म्हणाल आपल्या लोकांना सोडून बाकी सगळ्यांना धरलं. हो, आमच्यातले काही जण प्रशिक्षणाला सहीपुरतेच येतात, मागच्या रांगेत बसून गटाच्या पतसंस्थेचं राजकारण करतात, त्यांना ताटलीतलं पाणी चढो की उतरो. आहे हे खरं. पण बाकीच्यांचं काय ते बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणिताला मिळून किमान एक शिक्षक. तो एक जण भौतिक, रसायन, जीव आणि वर गणित असं सगळं तीन इयत्तांना शिकवतो. ज्याची पदवी वनस्पतिशास्त्राची त्याला धाराविद्युत बघून घाम येतो, ज्याची भौतिकची तो मानवी शरीराच्या पाठात आकृत्या सोडून देतो. जिथे विज्ञानाचा माणूसच नाही तिथे मराठीचे सर विज्ञान घेतात आणि कितीदा ते जास्त छान घेतात, कारण त्यांना माहीत नाही हे ते मुलांसमोर कबूल करतात. अशा माणसांना 'शिकवण्याच्या पद्धती' सांगून काय होणार, आधी विषय पक्का होऊ द्या. आणि कमीपणा न वाटता प्रश्न विचारता येईल अशी जागा द्या. शंभर जणांच्या हॉलमध्ये कुठला शिक्षक उठून विचारेल की वस्तुमान आणि वजन यातला फरक मला अजून नीट सांगता येत नाही? पंचवीस जणांच्या खोलीत, समोर तराजू आणि स्प्रिंगचा तानकाटा असेल, तर विचारेल.

हे मी आत्ताच का लिहितेय तर नवा अभ्यासक्रम यायला लागलाय, २०२५-२६ ला पहिलीपासून सुरुवात झाली, टप्प्याटप्प्याने सहावी-सातवी-आठवीपर्यंत येईलच. मागच्या वेळी सहावीचं पुस्तक २०१६ ला बदललं, सातवीचं २०१७ ला, आठवीचं २०१८ ला, आणि प्रत्येक वेळी पाठ्यपुस्तक ओळख म्हणून प्रशिक्षण झालं. ओळख म्हणजे या पाठात हे आहे, त्या पाठात ते आहे, मूल्यमापन असं आहे. पुस्तक वाचता येतं हो आम्हाला. या वेळी पुस्तक छापायला जायच्या आधी त्यातला प्रत्येक प्रयोग पंचवीस-तीस साध्या शाळांतल्या शिक्षकांकडून, शाळेत मिळणाऱ्या सामानातून, करून घ्या. जो होणार नाही तो काढा किंवा बदला. विजेरीचा बल्ब त्यातच सापडेल तुम्हाला.

आणि वेळेचं. शाळेच्या दिवशी विज्ञान शिक्षकाला बोलावलं की तीन इयत्तांचं विज्ञान-गणित बंद पडतं, कारण बदली शिक्षक नसतो. सुट्टीत घ्या. आम्ही येऊ, फक्त नियमाप्रमाणे अर्जित रजा मिळते ती सेवापुस्तकात खरोखर नोंदवा, त्यासाठी नंतर आम्हाला ऑफिसच्या पायऱ्या झिजवायला लावू नका. आदेश पंधरा दिवस आधी काढा, ज्यांची लहान मुलं आहेत त्या बायकांना घरची सोय लावावी लागते, आणि जिथे बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी आहे असाच हॉल निवडा, हे लिहायची वेळ यावी याची लाज मला नको वाटायला.

म्हणजे माझं मागणं असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत फक्त सहावी ते आठवीच्या विज्ञानवाल्यांचं सलग प्रशिक्षण, एका खोलीत पंचवीस जण, चार-पाच जणांच्या टोळ्या, टेबलावर सामान, सोबत एक असा माणूस ज्याला विषय येतो आणि ज्याला 'मला माहीत नाही, बघू या' म्हणता येतं. मग जूनपासून दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत विज्ञानाला दोन तास बाजूला, माहिती भरायचे विषय त्या दिवशी नकोत. आणि प्रत्येक तालुक्याला एक फोन नंबर, जिथे शाळा चालू असताना शिक्षकाने 'एलईडी पेटत नाही' असा मेसेज टाकला की दिवसभरात कुणीतरी उत्तर देईल. एवढंच.

सुरुवातीला सगळा अभ्यासक्रम घेऊ नका, झेपणार नाही. आठवीचं धाराविद्युत आणि चुंबकत्व, आम्ल-आम्लारी, प्रकाशाचे परावर्तन, पेशी व पेशीअंगके, एवढे चार पाठ पहिल्या वर्षी घ्या. आमच्या केंद्रातले शिक्षक तयार आहेत, खोली आमच्या शाळेची देते, पंखे चालू आहेत आणि पाणीही आहे. सामानाची यादी तुम्ही सांगाल त्या दिवशी पाठवते, त्यातलं महागातलं महाग म्हणजे काय, तर कव्हरस्लिपचा डबा.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक विज्ञान शिक्षिका